आकडे गेल्यावर

चाळिशी उलटेपर्यंत संयोगिता मानेने कुणावर हात उगारला नव्हता. आवाज चढवायची वेळ आली तर तिचेच कान लाल व्हायचे. तिचे वडील बापू गुजरातमधल्या कोयलीच्या रिफायनरीत ऑपरेटर होते, आता निवृत्त. आई लवकर गेली. मांजलपूरच्या एका सोसायटीत, तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बापलेक राहत. सकाळी ती स्कूटरवरून शहराबाहेरच्या एका खाजगी विद्यापीठात जाई. तिथे ती सैद्धांतिक भौतिकी शिकवी, आणि उरलेला वेळ फळ्यासमोर उभी असे.

तिचा विषय होता हिरवं पान. ऊन पडलं की पानातली ऊर्जा रेणूंच्या गर्दीतून वाट कशी काढते, आणि एवढ्या उबदार, ओल्या, सतत हलणाऱ्या जागेत क्वांटमचे नाजूक परिणाम टिकतात की लगेच पुसले जातात, हे तिला शोधायचं होतं. गणित ती मांडायची. शेजारच्या इमारतीत रसायनशास्त्राची मोहना वैद्य लेझर लावून तेच रेणू मोजायची. दोघी डबा एकत्र खायच्या आणि जेवताना भांडायच्या. हे भांडण दोघींनाही आवडायचं.

पीयूष संयोगिताचा पीएचडीचा विद्यार्थी. संगणकावरची आकडेमोड त्याच्याकडे होती. एक दिवस त्याने असा आलेख आणला की मोहनाच्या मोजमापाचे सगळे ठिपके त्याच्या रेषेवर अलगद बसले होते. संयोगिताला आधी आनंद झाला, मग शंका आली. तिने त्याचा प्रोग्रॅम उघडला. उत्तर हवं तसं यावं म्हणून त्याने मधला एक आकडा बदलला होता.

"मॅडम, थोडुं ॲडजस्ट तो करवुं पडे," पीयूष म्हणाला.

"ह्याला ॲडजस्ट म्हणत नाहीत," ती त्याच्याशी गुजरातीतच बोलली. "पुन्हा कर. वर्ष लागलं तरी चालेल. जर्मनीच्या लोकांशी मी बोलते."

जर्मनीत त्याला नोकरी मिळत आली होती, ती याच आलेखावर उभ्या राहणाऱ्या शोधनिबंधाच्या भरवशावर. वडिलांनी गावभर पेढे वाटले होते. पीयूषने लॅपटॉप मिटला आणि निघून गेला.

पुढच्या आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत, तो परत आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली बांधकामाची सळई त्याच्या हातात होती. संयोगिता फळ्याकडे तोंड करून लिहीत होती. पहिला फटका खांद्यावर बसला. ती वळली, आणि वळली म्हणून तिने त्याचा चेहरा पाहिला. दुसरा फटका डोक्याच्या डाव्या बाजूला बसला. ती पडली, तरी तो मारत राहिला. उजव्या हाताची बोटं फरशीवर चेचली गेली. फळ्याच्या खालच्या कडेवर रक्त उडालं.

डबा घेऊन मोहना दारात आली. ती ओरडली नाही. भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं तिने ओढून काढलं आणि दोन्ही हातांनी पीयूषच्या गुडघ्यावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज झाला. तो कोसळला, तरी सळई सोडेना. मग मोहनाने तेच नळकांडं त्याच्या मनगटावर मारलं. रखवालदार धावत आले तेव्हा एकीकडे पीयूष गुडघा धरून रडत होता आणि दुसरीकडे मोहना संयोगिताचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मोहनाची साडी कमरेपासून खाली रक्ताने भिजली होती.

संयोगिता वाचली. कवटी उघडून डॉक्टरांनी रक्ताची गाठ काढली. शुद्ध आल्यावर तिने बापूंना ओळखलं, मोहनाला ओळखलं, बोललीही. आकडे मात्र गेले होते. सात आणि आठ ह्या दोन वेगळ्या आकृत्या आहेत एवढं दिसायचं, पण त्यातलं मोठं कोण ते कळेना. समीकरण पुढे ठेवलं की मुंग्यांची रांग पाहावी तशी ती त्याच्याकडे पाहत राही.

घरी सोडताना डॉक्टरांनी बापूंना बाजूला घेतलं. "स्वतःला आवरायचा जो भाग असतो ना, त्यालाही मार बसलाय. राग अनावर होईल. त्याचा दोष तिला नका देऊ."

बापूंनी मान हलवली. त्यांना वाटलं, राग म्हणजे चिडचिड.

पहिल्या आठवड्यात तिने खिचडीची वाटी भिंतीवर फेकली. नंतर व्यायाम करून घेणाऱ्या बाईंच्या थोबाडीत मारली. त्या पुन्हा आल्या नाहीत. मग बापूंनीच व्यायाम करून घ्यायचं ठरवलं. एका दुपारी ते टेबलावर मणी मांडून बसले.

"हे किती, सांग."

"बापू, पुरे."

"एवढंच सांग. मग चहा करतो."

चालताना आधाराला दिलेली काठी तिच्या खुर्चीला टेकवलेली होती. तिने ती डाव्या हाताने उचलली आणि बापूंच्या मनगटावर मारली. मणी घरभर उडाले. ते हात धरून वाकले तेव्हा दुसरा फटका कानशिलावर बसला, तिसरा पाठीवर. काठी मोडली तेव्हा ती थांबली. बापू फरशीवर बसले होते, कानातून रक्त येत होतं.

"झालं?" त्यांनी विचारलं. आवाजात चीड नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

हाडांच्या डॉक्टरांना बापूंनी न्हाणीघरात घसरलो असं सांगितलं. शेजारी बसलेली संयोगिता म्हणाली, "घसरले नाहीत. मी मारलं."

त्या संध्याकाळी मोहना घरी आली. बापू आत झोपले होते.

"मला मारताना बरं वाटलं," संयोगिता म्हणाली. "नंतर नाही. पण मारताना आतून मोकळं झाल्यासारखं वाटलं. पीयूषच्या तोंडावरही तेच होतं. मी वळून बघितलं ना त्याच्याकडे, तेव्हा तो रागात नव्हता गं. सुटल्यासारखा दिसत होता."

 मोहना म्हणाली, "अशा माणसांना ठेवून घेणारी एक संस्था आहे आणंदकडे. थोडे दिवस जाशील?"

"जाते. नाहीतर मी बापूंना मारून टाकीन."

बापू प्लास्टरमधला हात सांभाळत दारात येऊन उभे राहिले. "कुठेही जायचं नाही," ते म्हणाले. "प्लांटमध्ये प्रेशर वाढलं की आम्ही काही कुलूप लावून पळायचो नाही. बघू काय करता येतं ते."

दुसऱ्या दिवशी ते पलीकडच्या बांधकामावर गेले आणि फुटक्या लाद्या एका मजुराच्या हातगाडीवर घालून घेऊन आले. मागच्या अंगणात त्यांनी त्या रचल्या आणि संयोगिताच्या डाव्या हातात हातोडा दिला. नियम एकच होता. आतून येतंय असं वाटलं की तिने "बापू, बाहेर" म्हणायचं. तेवढ्यावर त्यांनी समोरच्या दाराने पार्किंगमध्ये निघून जायचं आणि तिने मागच्या दाराने अंगणात.

ती फोडायची ते पाहवत नसे. एका लादीचा भुगा झाला तरी ती त्याच जागी मारत राही. तळहाताला फोड येऊन फुटत, हातोड्याचा दांडा लाल होई. एकदा उडालेल्या तुकड्याने तिची भुवई चिरली, तरी ती थांबली नाही. सोसायटीचे सेक्रेटरी आले.

"मानेकाका, आ शुं चाले छे?"

"मुलगी लाद्या फोडतेय," बापू म्हणाले. "मला फोडण्यापेक्षा बरं."

सेक्रेटरींनी बापूंच्या प्लास्टरकडे पाहिलं आणि ते परत गेले.

उपाय शंभर टक्के नव्हता. कधी ते दोन शब्द वेळेवर तोंडातून निघत नसत. तिने बापूंना त्यानंतरही मारलं. मोहनाच्या हाताला कडकडून चावली. विद्यापीठाने तिला आकडे न लागणारा एक तास देऊन पुन्हा वर्गावर पाठवून पाहिलं, तेव्हा मागे हसणाऱ्या एका मुलाच्या दिशेने तिने खुर्ची भिरकावली. ती मुलाला लागली नाही, पण शिकवणं कायमचं बंद झालं.

खटला उभा राहिला. पीयूष लंगडत कोर्टात आला. त्याच्या वकिलांना दाखवायचं होतं की हिच्या डोक्याला मार बसलाय, हिच्या साक्षीवर काय विश्वास ठेवायचा.

"सात आठे किती, मॅडम?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"तुम्ही भौतिकीच्या प्राध्यापिका ना?"

"होते."

"सात मोठे की आठ?"

तिने साक्षीच्या पिंजऱ्याचा कठडा धरला. मागे बसलेल्या बापूंना तिची मान ताठ झालेली दिसली आणि ते सवयीने उठून उभे राहिले. ती पिंजऱ्यातून निघून वकिलांचा गळा धरेल असं त्यांना वाटलं. संयोगितालाही तसंच वाटत होतं, हे तिने नंतर सांगितलं. कठड्यावर नखं एवढी रुतली की एक मुळापासून उलटलं.

"आकडे गेले," ती म्हणाली. "तो चेहरा नाही गेला. मारलं ते ह्यानेच."

पीयूषला दहा वर्षांची शिक्षा झाली. बाहेर त्याची आई भिंतीला डोकं आपटून घेत होती. संयोगिता तिच्याजवळ गेली, मध्ये हात घातला, आणि भिंत व कपाळ यांच्यामध्ये तिचीच बोटं ठेचली गेली. 

निबंध मात्र अर्धवटच पडला होता. मोहनाने मुंबईच्या एका गणितज्ञाची मदत घेतली आणि सगळी आकडेमोड नव्याने केली. उत्तर पीयूषच्या आलेखाच्या उलट आलं. ते नाजूक क्वांटम परिणाम पानात फार वेळ टिकत नव्हते. संयोगिताचं नाव मोहनाने पहिलं ठेवलं.

मग एका दुपारी प्रयोगशाळेत ती संयोगिताला निबंध वाचून दाखवू लागली. आकड्यांच्या जागी कागदावर चित्रं काढत होती. मध्येच संयोगिता म्हणाली, "हे चूक आहे."

मोहनाने पुन्हा पाहिलं. "नाही गं. बरोबर आहे."

"चूक आहे म्हणते ना."

"संयोगिता, बरोबर आहे."

चहाचा कप मोहनाच्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर फुटला. मोहना जागची हलली नाही. चहा ओघळून थांबला, तशी तिने दुसरा कागद ओढला, तेच चित्र मोठं करून काढलं आणि प्रत्येक बाणावर बोट ठेवत सावकाश समजावलं. संयोगिता वाकून पाहत राहिली. तिचा श्वास हळूहळू खाली बसला.

"हं," ती शेवटी म्हणाली. "माझंच चुकलं. पुढचं वाच."