सहा केळी आणि रडायचा नंबर

जळगाव-धुळ्याच्या माझ्या वाचणाऱ्या, बोलणाऱ्या आणि नुकत्याच निवृत्त झालेल्या बंधुभगिनींनो, आपलं एक सामाईक दुखणं आहे. घरात आपलं कोणी ऐकत नाही. आयुष्यभर पुस्तकं वाचली, जयंतीच्या मांडवात माइक गाजवले, आणि आता मुलगा म्हणतो, "आई, आवाज कमी कर." टीव्हीचा नव्हे, आपला.

माझ्या बाबतीत ठिणगी पडली धुळ्यात. शिक्षणाचं महत्त्व या विषयावर मी तिथे दीड तास बोलले. टाळ्या पडल्या. मंचावरून उतरले, तर पहिल्या रांगेतल्या एका टोपीवाल्या नानांनी मला थांबवलं.

"ताई, बठ्ठं खरं शे. पन तुमी सोता कोनले शिकाडं?"

सगळं खरं, पण तुम्ही स्वतः कुणाला शिकवलंत? पोस्टात बत्तीस वर्षं शिक्के मारले, हे उत्तर मी गिळलं. परतीच्या एसटीत पारोळ्यापर्यंत मी एक शब्द बोलले नाही. माझ्या ओळखीत ही बातमी अजून फिरते आहे.

जळगावातल्या आमच्या मेहरूणमधून दरवर्षी मंडळी नेपाळात लुंबिनीला जातात. त्यातल्या एका बाईंनी तिथून जवळच्या एका अनाथालयाचा पत्ता आणला होता. शिकवायला येणाऱ्यांची तिथे राहायची सोय होते. मी पत्र टाकलं, पोलीस पडताळणीचा दाखला काढला (तो मागतातच, आणि मागायलाच हवा) आणि फाल्गुनात निघाले.

जाणाऱ्यांसाठी माहिती: जळगाव किंवा भुसावळहून गोरखपूरपर्यंत रेल्वे. तिथून सोनौलीच्या सीमेपर्यंत बस, तीनेक तास धरा. सीमा पायी ओलांडायची. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट ठेवा, आधार कार्डावर विसंबू नका. नोटा शंभराच्या न्या. पलीकडे भैरहवा, तिथून लुंबिनीची बस. राहण्या-जेवणाचे रोज पाचशे रुपये मी संस्थेत भरत होते. आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. दिलेल्या वेळेत भाषण न संपवणाऱ्या बाईची नेपाळनं सीमेवरच पंधरा मिनिटं कापून घेतली.

अनाथालय म्हणजे पत्र्याची लांब इमारत, एक हापसा, आंब्याची दोन झाडं आणि बावीस मुलं. आमचं बोलणं हिंदीत चालायचं, इथे मराठीत देते. पहिल्याच दिवशी मी शिक्षणावर चाळीस मिनिटं बोलले. अचूक जागी टाळ्या पडत होत्या. मी खूश. चौथ्या टाळीला माझ्या लक्षात आलं, की मागच्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी आधी पेन्सिल वर करते आणि मग सगळे टाळ्या वाजवतात.

ही सम्झना. वय तेरा. नाव बदललंय आणि फोटो टाकणार नाही. अनाथ मुलं ही आपल्या अल्बमची आरास नव्हे.

भाषणानंतर मी फळांचं इंग्रजी गाणं सुरू केलं. पहिल्या ओळीलाच बावीस जणांनी ते माझ्या हातून काढून घेतलं आणि हातवाऱ्यांसह संपवून टाकलं.

"कुणी शिकवलं?"

"सगळ्यांनी," सम्झना म्हणाली. "तुम्ही बाराव्या. प्रत्येक जण दोन-तीन आठवड्यांसाठी येतो आणि सफरचंदापासून सुरुवात करतो. मिस, आम्हाला सफरचंद येतं."

स्वयंपाकघराबाहेर कामांचा फळा होता. पाणी, झाडू, भांडी, प्रत्येकापुढे नाव. नेपाळी आपल्याच लिपीत असल्यानं वाचता येतं. शेवटच्या ओळीत होतं 'रुने'. म्हणजे रडणे. हे काय काम, मी विचारलं.

"शिकवणारे जाताना कुणीतरी रडावं लागतं, नाहीतर त्यांना वाईट वाटतं," सम्झनानं समजावलं. "पूर्वी सगळे रडायचे. मग जेवायला उशीर व्हायचा. आता नंबर लावलाय. तुमच्या वेळी माझा आहे."

मी आयुष्यात बऱ्याच सभा जिंकल्या आहेत. इतकं व्यवस्थित नियोजन कुठल्याही आयोजकाकडे पाहिलं नाही.

पण पोरीचा खरा घोर वेगळाच होता. गेल्या वर्षी ती आठवीला गणितात नापास झाली होती. यंदा पुन्हा झाली, तर डोंगरातले काका तिला त्यांच्या चहाच्या टपरीवर नेणार होते. परीक्षेला अठरा दिवस उरले होते. आधीच्या अकरा शिकवणाऱ्यांतला एकही अपूर्णांकांपर्यंत पोहोचला नव्हता.

"मी पोहोचवते," मी गरजले. फळ्यावर एक छेद दोन अधिक एक छेद तीन लिहिलं आणि खणखणीत उत्तर मांडलं: दोन छेद पाच.

सम्झनानं पेन्सिल वर केली नाही. "मिस, गेल्या वर्षी मीही हेच लिहिलं होतं."

संध्याकाळी मी पाचोऱ्याला अक्काला फोन लावला. माझी थोरली बहीण, जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेली.

"विमे, तू परदेशात गेलीस ना?"

"हो."

"आणि एक छेद दोन अधिक एक छेद तीन किती, हे विचारायला फोन केलास?"

"फळ्यावर दोन छेद पाच लिहिलं गं."

तिकडून भावजींना हाक: "अहो, ऐका, आपल्या वक्त्या काय म्हणतात!" दोघं पोटभर हसले. मग अक्का म्हणाली, "अगं, अर्ध्यात आणखी भर घातली, तर ते अर्ध्याहून कमी कसं होईल? आता भाषण बंद. केळी आण. जळगावची ना तू?"

लुंबिनीच्या बाजारात केळी मिळाली. आमच्या रावेरच्या केळ्यापुढे ती करंगळीच, पण गणिताला चालतात. सहा केळी टेबलावर. अर्धी किती? तीन. सहाचा तिसरा भाग? दोन. मिळून पाच. सहापैकी पाच! वर्गात असा आरडाओरडा झाला, की स्वयंपाक करणाऱ्या आमा, म्हणजे तिथल्या सगळ्यांच्या आई, डाव घेऊन धावत आल्या.

"मग उरलेलं एक छेद सहा कुठे गेलं?" मी विचारलं. टेबल मोकळं होतं. सम्झना तोंड भरलेलं असताना म्हणाली, "वजा झालं."

त्यानंतर दिवस ठरून गेले. सकाळी दहाच्या आत डाळभात, मग मुलं शाळेत. दुपारी मी फोनवर अक्काकडून शिकवणी घ्यायची आणि चारनंतर तीच मुलांना द्यायची. कधीकधी मी एका पानानं पुढे असायचे, कधी सम्झना. मी नेलेल्या बिबड्या, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, भाजून त्यांचे चतकोर केले, आठवे भाग केले. झणझणीत शेवभाजी केली तेव्हा मात्र अपूर्णांक थांबले आणि सगळे हापशाकडे पळाले. पडेल विषयावरही टाळ्या घेणारी मी, तिथे अठरा दिवस जेमतेम बोलले. बावीस जण ऐकत होते.

गणिताचा पेपर झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी निघाले. जाण्याआधी दोनशे पानी वही घेतली. कुठवर शिकवलं, कोण कुठे अडतं, पुढचा धडा कोणता, सगळं लिहिलं आणि ती वही कामांच्या फळ्याशेजारी सुतळीनं बांधली.

निरोपाला बावीस मुलं रांगेत उभी. सगळे सम्झनाकडे पाहत होते. आणि ती जमिनीवर काडीनं कालच्या पेपरातलं शेवटचं गणित पुन्हा सोडवत होती.

"सम्झना, तुझा नंबर!" कुणीतरी कोपरानं डिवचलं.

"थांबा ना. मिस, हे बरोबर आलं होतं!"

तेव्हा नंबर नसतानाही एक बाई रडली. तिचं नाव फळ्यावर नव्हतं. जेवायला उशीर झाला.

आता जळगावात परत येऊन काही महिने झाले. घड्याळ पंधरा मिनिटं मागे केलं, ती मिळालेली पंधरा मिनिटं अजून भाषणात खर्च केलेली नाहीत. परवा सम्झनाचा आवाज फोनवर आला. "मिस, गणितात पास. काकांना चहावाला दुसरा शोधावा लागेल. आणि एक नवीन दादा आलेत. त्यांनी सफरचंद सुरू केलं, मी वही पुढे केली. आता दशांश चाललंय. दादा रोज संध्याकाळी आईला फोन करतात."

तर बंधुभगिनींनो, शिकवण्यासाठी सीमा ओलांडायलाच हवी असं नाही. आपल्याही गावात बालगृहं आहेत, आणि तिथल्या मुलांनी आपले वाढदिवसाचे केक आपल्याहून जास्त पाहिले आहेत. येत्या रविवारी केक नेऊ नका. एक दोनशे पानी वही घ्या, तिथल्या अधीक्षकांची रीतसर परवानगी घ्या आणि मुलांना एवढंच विचारा, "आधीच्यांनी कुठवर शिकवलं?" पहिल्या पानावर त्यांचं उत्तर लिहा. मग त्याच्या पुढून सुरुवात करा.