ईस्टरचे तांदूळ
तांदळाच्या डब्यातून कडुलिंबाच्या पाल्याचा वास आला, की हिंडलग्याची ती एकटी म्हातारी आठवते. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात आमच्या चर्चची माणसं रोज मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि ते ईस्टरला गरिबांना वाटतात. गुड फ्रायडेला मी तिचं नाव यादीत लिहायला गेले, तर चूल गार होती. "आत्ताच चार मुठी दे की गं पोरी, लई न्हाय मागत." मी म्हणाले, "आज्जी, ईस्टरलाच वाटायचं असतंय." पाला घालून ठेवलेलं पोतं चर्चमध्ये गळ्यापर्यंत भरलं होतं. ईस्टरला सकाळी तांदूळ घेऊन पोचले, तर ती रात्रीच गेली होती. त्याच तांदळाचा भात मातीला आलेल्यांना वाढला. मीही जेवले. अजूनही आम्ही ईस्टरलाच वाटतो.