गेनेकच्या गाडीचा पहिला हिवाळा

गेनेकच्या गाडीनं अठरा वर्षांत एकदाही बर्फ पाहिला नव्हता, आणि गावात याचं कुणाला नवल नव्हतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, सर्व संतांच्या दिवशी कबरींवर दिवे लावून नवराबायको परतली, की तो गाडी धुवायचा, मेण चोळायचा, ठोकळ्यांवर चढवायचा आणि वर चादर घालायचा. उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून पुदिन्याच्या तेलाचे बोळे कोपऱ्याकोपऱ्यात ठेवायचा. मग थेट वसंतात, ईस्टरनंतर गॅरेजचं दार उघडायचं. "माझी एवढी निगा राखली असतीस, तर मीही अजून अठराची दिसले असते," त्याची बायको रेगिना म्हणायची.

गाडी होतीच तशी. जर्मन, चंदेरी, दोन दारांची, तीनशे त्रेचाळीस घोड्यांच्या ताकदीची. बापाकडून आलेला तळ्याकाठचा जमिनीचा तुकडा विकून घेतलेली. आणि मालक कोण, तर डेअरीचा टँकर चालवणारा! तीस वर्षं तो सुवाल्की शहराकडच्या हाडं गोठवणाऱ्या रस्त्यांवर गोठ्यागोठ्यांतून दूध गोळा करत हिंडला. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते पत्र्याला कसं खातं हे त्यानं तीन टँकरांवर डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून ही एक तरी वाचवायची, असं त्यानं मनाशी धरलं. हौसेला मोल नसतं, खरंय. पण निवृत्त होऊन दोन वर्षं होतात न होतात, तोच त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस, तेही बासष्ट किलोमीटरवर. रोजची छोटी गाडी त्याच वर्षी भंगारात गेलेली, तिचा तळ मिठानंच खाल्ला होता. राहिली पेशंटना नेणारी व्हॅन. ती पहाटे साडेचारला यायची, सहा गावांतून सहा माणसं उचलायची, आणि शेवटच्याचं आटपेपर्यंत बाकीचे पाच जण बाकावर बसून राहायचे. गेनेक दुपारी घरी यायचा तो भिंत धरून. बुटांसकट पलंगावर पडायचा, ते दुसऱ्या दिवशी उठायचा. तिसऱ्या दिवशी पुन्हा व्हॅन.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रेगिनानं गॅरेजचं दार उघडलं. गेनेक स्वेटर ओढत मागोमाग आला.

"चादर ओढू नकोस! बाहेर मीठ आहे."

"मीठ बाहेर आहे आणि तू आत मरतोयस."

"तुला नाही जमायची ती. मागच्या चाकांवर चालते, बर्फावर भोवरा होईल नुसता."

"शाळेच्या खानावळीत तीनशे पोरांना वाढलंय मी. भोवऱ्याची भीती मला घालू नकोस."

गंमत पुढेच आहे. त्या गाडीसाठी गेनेककडे काय नव्हतं? तीन तऱ्हेची मेणं, सीटच्या चामड्याला चोळायचं मलम, दाराच्या रबराला लावायचं तेल. फक्त हिवाळी टायर नव्हते. कधी लागलेच नव्हते! रेगिनाच्या बहिणीचा मुलगा ओल्गिएर्द गावात मेकॅनिक आहे, त्यानं चार टायर कुठून तरी पैदा केले आणि मागची चाकं दबून राहावीत म्हणून डिकीत वजन टाकायला सांगितलं. रेगिनानं कोंबड्यांच्या दाण्याची दोन पोती आणून आपटली. गेनेकनं कपाळाला हात लावला.

तर अशी ती गाडी निघाली. पहिले काही दिवस रेगिना बैलगाडीच्या चालीनं गेली. मग हात बसला. खालून खडा वाजला, की शेजारी गेनेकचा चेहरा दाढ उपटल्यासारखा व्हायचा. जाताना त्यानं चालवायला डॉक्टरांची हरकत नव्हती, पण तो ऐकेना. "हे पाप माझ्या हातानं नको." मात्र आता बाराच्या आत तो घरी असायचा. सूप प्यायचा, झोपायचा, संध्याकाळी पत्त्यांत रेगिनाला फसवायचा. ती मुद्दाम हरायची.

जानेवारीत तीन दिवस जमिनीवर पडताच गोठणारा पाऊस झाला. रस्ता पांढरा झाला, तो बर्फानं नाही, मिठानं. डायलिसिसच्या सकाळी रेगिना कोंबड्यांना दाणे घालून आत येते, तो फोन वाजतोय. तिकडून नर्स विचारत होती, "तुमचे यजमान म्हणाले रस्ता बंद आहे. उद्याची वेळ देऊ का?"

रेगिनानं खिडकीतून पाहिलं. रस्त्यावरून शाळेची बस चालली होती. "आजच येतोय आम्ही," ती म्हणाली आणि फोन ठेवून वळली.

"रस्ता बंद आहे का रे?"

"एक दिवस चुकला तर काय होतंय?" गेनेक टेबलाकडे बघत म्हणाला. "फावड्यानं टाकलंय ग आज मीठ. निम्मं रंगरूप जाईल तिचं."

"आणि तुझं? पत्र्याला गंज चढू नये म्हणून अंगात विष साठवतोस? मी काय करू मग? काळे कपडे घालून तुझी चकचकीत गाडी पुसत बसू? तेवढ्यासाठी काढली का एकोणचाळीस वर्षं तुझ्याबरोबर?"

आणि ती रडायला लागली. ही बाई आईच्या दफनालासुद्धा लोकांना कॉफी वाटत फिरली होती, तिला असं हुंदके देताना गेनेक बघत राहिला. जिवापुढे गाडी ती काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण ज्याचं मन अडकतं त्याला नाही कळत. तो उठून बूट घालू लागला. त्या दिवशी मशीननं त्याच्या अंगातून अडीच लिटर पाणी काढलं.

ईस्टर झाल्यावर ओल्गिएर्दनं गाडी लिफ्टवर उचलून धरली आणि दिवा घेऊन खाली शिरला. नवराबायको बाजूला उभी.

"काका, खरं सांगू?"

"खोटं सांगायला आलोय का तुझ्याकडे?"

"गंज धरलाय. खरवडून रंग देतो, पण दर हिवाळ्यात अशी काढलीत तर सहा वर्षं. फार तर सात. मग तळ जाईल."

गेनेकनं हात वर करून त्या तांबूस कडेवरून अंगठा फिरवला. डॉक्टरांनीही फेब्रुवारीत त्या दोघांना समोर बसवून एक आकडा सांगितला होता.

"सहा," तो म्हणाला. "म्हणजे माझ्यापेक्षा जास्तच चालेल."

ओल्गिएर्द दिव्याची वायर गुंडाळू लागला. रेगिनाला नवऱ्यावर ओरडायचं होतं, पण तिनं त्याच्याकडे पाहिलं. गेनेकचा चेहरा कित्येक महिन्यांत नव्हता एवढा मोकळा होता.

पुढच्या सोमवारी ती नेहमीप्रमाणे किल्ली घेऊन बाहेर आली. गेनेकनं हात पुढे केला. "जाताना मी. येताना तू."

जंगल संपल्यावर सरळ रस्ता लागतो. तिथं त्यानं पाय दाबला. अठरा वर्षं शेजारी बसूनही रेगिनानं त्या इंजिनाचा असा आवाज ऐकला नव्हता; पाठ सीटला चिकटली, खालून खडे ताडताड उडाले, आणि गेनेकनं त्या खड्यांकडे लक्षसुद्धा दिलं नाही.

"भीती वाटली तर सांग," तो म्हणाला. "हळू करतो."

तिनं डोळे पुसले. "अजून," ती म्हणाली. "जरा अजून."