बाबांच्या व्हिडिओतला बर्फातला वाघ

बाबा वनरक्षक म्हणून निवृत्त होणार होते आणि घरच्या कार्यक्रमात दाखवायला त्यांचा एक व्हिडिओ करायचं ठरलं. ठरवलं भावाने, करायचा होता मला. भाऊ गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात आहे. तिथल्या एका शेजाऱ्याने आपल्या वडिलांचा असाच व्हिडिओ केला होता. त्यात सुरुवातीला आगीतून गरुड येतो आणि वडिलांचं नाव पडद्यावर आणून आपटतो. ते वडील तलाठी होते. तलाठ्याचा आणि गरुडाचा संबंध काय, हे भावाने विचारलं नव्हतं. असले प्रश्न त्याला पडत नाहीत.

"आपल्या बाबाले वाघ पाहिजे," तो फोनवर म्हणाला. "वाघ चालत येते, डरकाळी फोडते, अन् मग बाबाचं नाव. सोन्याच्या अक्षरात."

"बाबानं जन्मभर वणवे विझवले, दादा. वाघ नाई पाळले."

"तुले मार्केटिंग नाई समजत," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

मी मूलजवळच्या एका शाळेत शिकवते. पोरांसाठी धड्यांचे व्हिडिओ करता करता एडिटिंग शिकले, एवढाच माझा गुन्हा. पण आमच्या घरात ज्याला एक काम येतं त्याच्याच गळ्यात सगळी कामं पडतात.

भावाने क्लिपांचा ढीग पाठवला. सोनेरी धूळ, ठिणग्या, गळणारी पानं आणि हिरव्या पडद्यासमोर चालणारा एक वाघ. खाली बाबांच्या जंगलातल्या रस्त्याचा फोटो ठेवायचा, त्याच्यावर एकेक क्लिप थरासारखी चढवायची आणि हलवायची. पानं पाहिली तर लाल, पाच बोटांची, विलायती. आमच्या जंगलात तसलं पान औषधालाही मिळत नाही. आणि वाघ? वाघाच्या पाठीवर बर्फ होता. चंद्रपूर जिल्ह्यात, जिथे मे महिन्यात कौलावर पापड वाळत नाही, करपतो, तिथे माझ्या भावाला बर्फातला वाघ हवा होता.

पानं मी फेकून दिली. त्याऐवजी आईची निळी साडी दोरीवर ताणली, समोर फोन उभा केला आणि आईला स्टुलावर चढवून सागाची वाळलेली पानं खाली सोडायला सांगितली. मागचा निळा रंग नंतर एडिटिंगमध्ये पुसता येतो. आईला यातलं काही पटलं नाही.

"पोरी, झाडनारं माणूस मी हावो. पानं झाडून काढाची मी, पाडाची बी मीच काय?"

तरी तिने टोपलीभर पानं टाकली. सागाचं पान तरंगत येत नाही, ताटासारखं पडतं. मला ते फार आवडलं.

वाघाचं मात्र जमेना. क्लिपमधला वाघ जागच्या जागी चालत होता. त्याला पुढे सरकवायला मी दोन खुणा दिल्या: पहिल्या सेकंदाला वाघ उजवीकडे, बाराव्या सेकंदाला डावीकडे. मधल्या वेळात सॉफ्टवेअर त्याला आपणहून ओढतं. ओढलंही, पण वाघ चालतोय कमी आणि घसरतोय जास्त, असं दिसायला लागलं. मी मनात म्हटलं, राहू दे. ज्याला गरुड चालतो त्याला हेही चालेल. आणि बाबांना दाखवायला बोलावलं. खरं सांगते, बाबांनी त्या वाघाला हसावं, भावाला फोन करून झापावं, म्हणून बोलावलं होतं.

बाबा चष्मा लावून बसले. एकदा पाहिलं. मग म्हणाले, "याच्या पाठीवर पांढरं काय हाय?"

"बर्फ."

ते हसले नाहीत. "पुन्हा लाव," म्हणाले. तीनदा लावून झाल्यावर त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. "हा पाय, इथी टेकला. मग तो इथीच राह्यला पाहिजे, अंग पुढं गेलं पाहिजे. अन् मागचा पाय पुढच्याच्या ठशावर येते. तुहा वाघ तेलावर चालून राह्यला."

"बाबा, हा खोटा वाघ आहे. दादाच्या हौशीचा."

"आनाचाच असन तं नीट आन."

मग बाबा तिथून हललेच नाहीत. ती अख्खी दुपार आणि दुसरी अख्खी दुपार आम्ही त्या वाघाला चालायला शिकवलं. प्रत्येक पाऊल टेकलं की एक खूण, उचललं की दुसरी. बाबा बोट ठेवत, मी आकडे बदलत जाई. चाल जमल्यावर ते म्हणाले, एवढा मोठा नाही दिसत. मी लहान केला. रस्त्याच्या मधून नाही येत, कडेनं सावलीतून जातो. मी कडेला नेला, अंधुक केला. सावलीत गेल्यावर पाठीवरचं पांढरंही गेलं. डरकाळी? "चालताना काऊन ओरडन तो?" काढली. शेवटी बांबूच्या आड उरला एक जरासा हलणारा पट्टा.

"आता बरोबर हाय," बाबा म्हणाले.

भावाने पाहिलं आणि फोन केला. "वाघ कुठी हाय?"

"डावीकडे. नीट पाहा."

"लोक काय नीट पाहाले येऊन राह्यले का? जेवाले येऊन राह्यले!"

आयुष्यात एकदाच तो खरं बोलला, आणि तेही रागात. पण पुढे त्याने गुपचूप माझी फाइल घेऊन मोबाइलवर आपला वाघ पुन्हा चढवला. मोठा, मधोमध, बर्फासकट. वर ठिणग्या. कार्यक्रमाच्या दिवशी मांडवातल्या टीव्हीवर तोच लागला. डरकाळी फुटली, सोन्याचं नाव आपटलं आणि मांडवाने टाळ्या वाजवल्या. बाबांचे साहेब म्हणाले, "क्या बात है, एकदम पिक्चरसारखं!" ज्या माणसाने हयात जंगलखात्यात घालवली त्याला वाघाच्या पाठीवरचा बर्फ दिसला नाही. वहिनी सगळ्यांना सांगत होती, "हे आमच्या ह्यांनीच केलं."

मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, उठतील, बोलतील. ते समोरच्या पाहुण्याला भात वाढायला सांगत होते.

सगळ्यांवर तोंडसुख घेऊन झालं की उरते मी. सुरुवातीची ती वाघाची इंट्रो बारा सेकंदांची होती. तिच्यावर मी आठवडा घातला. पुढचा बाबांच्या नोकरीचा व्हिडिओ एका सकाळी उरकला: सत्काराचे फोटो, सायकलजवळचा एक फोटो, मागे बासरी. त्यात बाबा एक शब्दही बोलत नाहीत. त्या दोन दुपारी ते माझ्याशेजारी बसून बोलत होते. कुठल्या नाल्यात ठसे दिसायचे, मोहफुलांच्या दिवसांत आग कुठून सुरू व्हायची, वारा फिरला की माणसं कुठे पळवायची. आणि मी म्हणत होते, थांबा बाबा, आधी हा पाय बसवू द्या.

कार्यक्रमानंतर मी फोन उभा करून त्यांना समोर बसवलं. "सांगा," म्हटलं.

बाबा शर्टाची बटणं नीट करून ताठ बसले. साहेबांसमोर बसल्यासारखे. "मी सदर वनपरिक्षेत्रात..." अशी त्यांनी सुरुवात केली आणि बदल्यांची यादी सांगून थांबले.

"आणखी?"

"आनखी काय? झालं न आता."

मी खूप विचारलं. त्यांनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर अर्जात लिहावं तसं दिलं. ते रेकॉर्डिंग भावालाही पाठवलं. त्याचा लगेच निरोप आला: "थोडं बोअर हाय. मागं म्युझिक टाक."