अमावास्येचा सत्कार

गास गावच्या आत्मारामला लोक पाठीमागे ‘बाटलीवाला’ म्हणत. म्हणणाऱ्यांच्या जिभेला हाड नव्हतं, दुसरं काय! सत्त्याहत्तर साली सहलीला आलेल्या कुणीतरी किनाऱ्यावर बाटली फोडली, तिची काच त्याच्या लेकीच्या, कमळीच्या, पायात गेली. एवढीशी जखम म्हणून घरच्यांनी हळद दाबली आणि पोर धनुर्वातानं गेली. आता दुसऱ्या कुणाच्या पोरीचा पाय इथं कापायला नको, हा एकच ध्यास त्यानं घेतला.

माणूस केळीच्या वाडीतला, पण समुद्राचा हिशेब त्याला तोंडपाठ. दर अष्टमीला सकाळी तो बैलगाडी जुंपायचा. अष्टमीला दुपारी ओहोटी, म्हणून उतरत्या पाण्यामागून वेचत जायचं. पाच-सहा घरांतली माणसं यायची. आधी काच, मग बाकीचं, आणि ढीग सुरूच्या झाडांपलीकडे. वाळूवर ठेवलेला ढीग समुद्राचाच, हे तो प्रत्येक नव्या माणसाला बजावायचा.

त्र्याऐंशीत एका मंडळाला जाग आली. रविवारी सकाळी सफाई, पाहुणे, फोटो आणि आत्मारामचा सत्कार. रविवारी अमावास्या होती. बाराच्या सुमारास उधाणाचं पाणी थेट सुरूपर्यंत चढणार, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो गप्प बसला. सहा वर्षांत पहिल्यांदाच कुणी ‘आत्मारामभाऊ’ म्हटलं होतं. भीड पडली, आणि खरं सांगायचं तर हारही हवासा वाटला.

फोटोत समुद्र दिसावा म्हणून ढीग वाळूवरच रचला. पाहुणे दोन तास उशिरा उगवले. त्यांचं भाषण रंगलं आणि पाणी ढिगात शिरलं. माणसांनी खुर्च्या उचलल्या, ढीग कुणी उचलला नाही. गळ्यात हार घेऊन आत्माराम गुडघाभर पाण्यात बाटल्या धरत राहिला. हाती दोन गोणी लागल्या, बाकी सगळं गेलं.

“तुमाला पानी कळत नव्हतं?” घरी बायकोनं, यशोदानं, विचारलं.

“कळत होतं.”

तिनं हार काढून गोठ्यात टाकला.

मंगळवारी शेजारचा पास्कल आपल्या विनीला खांद्यावर घेऊन पळत आला. किनाऱ्यावर पोरीच्या टाचेत काच घुसली होती. आत्मारामनं हळद लावू दिली नाही, तडक दवाखान्यात नेऊन तिला धनुर्वाताची सुई टोचवली. पोरगी वाचली.

परतताना पास्कल म्हणाला, “किनारा रविवारीच साफ केलेला ना रे?”

“नाही,” आत्माराम म्हणाला, “रविवारी मी हार घालून घेतला.”