मठाचं हॉटेल आणि काकू

काकूंना रिकामी खोली काढता येत नसे. बर दुबईतल्या आमच्या ऑफिसात हॉटेलांचे नकाशे काढण्यात त्यांची हयात गेली, पण जुनी इमारत समोर आली की पहिला प्रश्न ठरलेला, "इथे आधी कोण राहत होतं रे?" नव्या टॉवरचं काम असलं की हा प्रश्न मिटायचा. तिथे आधी वाळू राहत असे.

त्यांना काकू म्हणायला सुरुवात मी केली. पुढे आमचा लेबनीज बॉसही घाई करताना "यल्ला, काकू" म्हणू लागला आणि रिसेप्शनवरची फिलिपिनो मुलगी "मॅम काकू". काकूंना ते आवडत असावं, कारण डब्यात माझ्या वाटणीची पोळी जास्त असे.

मग तो मठ आला. इटलीतल्या एका डोंगरावरचा, ननांचा, मध्ययुगातला. मालकाला त्याचं हॉटेल करायचं होतं. सोबत आलेला इतिहासाचा जाडजूड रिपोर्ट एकट्या काकूंनी वाचला आणि जेवणाच्या सुट्टीत रोज आम्हाला वाढला. ननांना सरकारने बाहेर काढलं. मग सैन्य आलं, प्रार्थनेच्या जागी घोडे बांधले. मग तुरुंग झाला, मग तंबाखूचं गोदाम. "देवघरात घोडे!" भेंडीची भाजी माझ्याकडे सरकवत काकू म्हणाल्या. "आणि आता आपण स्पा घालणार. घोडे बरे होते."

त्या प्रार्थनागृहाचा महागडा सूट होणार होता. काकूंनी त्यातला पलंग फिरवला, कारण झोपणाऱ्याचे पाय वेदीकडे होत होते. बॉसने कपाळाला हात लावला. पलंगावरून दरी दिसेना. "काकू, नो आल्टर देअर! टू हंड्रेड इयर्स!" काकू शांतपणे म्हणाल्या, "सर, आल्टर गॉन. गॉड नॉट गॉन." तो हसला आणि पलंग तसाच राहिला. त्या हसण्याने, आपलं इथे खपतं, असा काकूंचा गैरसमज झाला, असं मला आजही वाटतं.

काकू शारजात अल मजाजला राहत. यजमानांची रास अल खैमातली सिरॅमिक कंपनीतली नोकरी गेलेली, त्यामुळे ते आणि मुलगी इरा, दोघंही काकूंच्या व्हिसावर. इरा बारावीत, बोर्डाची परीक्षा तोंडावर. आमच्या इथे नोकरी गेली की नुसता पगार जात नाही. घर, शाळा, सगळंच पाठोपाठ जातं.

मठाच्या आतल्या चौकात ननांच्या कबरी होत्या. सर्व्हेच्या नकाशात तुटक रेघांच्या लहान लहान चौकटी. बॉसला नेमका तिथेच स्विमिंग पूल हवा होता. "लेअर ऑफ, खलास," तो म्हणाला. संगणकावर एक बटण दाबलं की कबरी नकाशातून नाहीशा, मालकाला पत्ता नाही.

काकूंनी दोन दिवस त्या नकाशाला हात लावला नाही. मग मला म्हणाल्या, "घर सोडून आलेल्या बायका रे. घोडे आले, कैदी आले, तरी एवढी जागा त्यांची राहिली."

"काकू, इराची परीक्षा आहे," मी म्हणालो.

"मला सांगतोस? तिचा फॉर्म मीच भरलाय."

आणि कबरी दिसतील असाच नकाशा त्यांनी थेट मालकाला पाठवला. मालकाने पूल मागच्या बागेत सरकवला, वर आमच्या ऑफिसच्या काळजीपूर्वक कामाचं कौतुक केलं. बॉसने ते हसत स्वीकारलं. आठवड्याने काकूंचं कॉन्ट्रॅक्ट संपवलं. मला त्याचा जितका राग आला, तितकाच काकूंचाही आला, हे इथे लिहून टाकतो.

विमानतळावर सोडायला मी गेलो. यजमान सामानाच्या रांगेत होते. इरा काकूंकडे न बघता म्हणाली, "आई, दोज नन्स गॉट टू स्टे. वी डिडंट."

"त्यांच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं गं," काकू म्हणाल्या.

"अँड मी?"

काकूंनी तिच्या खांद्यावरची जड बॅग घ्यायला हात पुढे केला. इराने ती दिली नाही.