जवळच्या नातेवाइकांनी यावे

नगरच्या एका दवाखान्यासाठी आमच्या सॉफ्टवेअर कंपनीनं एक सोय केली होती. आयसीयूतल्या पेशंटची तब्येत रोज घरच्यांच्या मोबाईलवर कळवायची. आत काय चाललंय ते कुणी सांगत नाही आणि बाहेर माणसं चपला सांभाळत बसतात, हे मी वडिलांच्या वेळी भोगलं होतं. त्यामुळे काम सुरू झालं तेव्हा माझी स्वारी हवेत होती.

एका सकाळी मी तिथेच असताना बेलापूरकडच्या एका शेतकऱ्याची तब्येत फार खालावली. न्यूमोनिया होता. घरी मेसेज गेला: ‘प्रकृती अत्यंत गंभीर. जवळच्या नातेवाइकांनी तातडीने यावे.’

दुपारी दारात टेम्पो थांबला. माणसं कोंबलेली, पण मधोमध एक माणूस निजेल एवढी जागा मोकळी ठेवलेली. पेशंटचा थोरला भाऊ उतरला आणि टोपी हातात घेऊन मला म्हणाला, “बॉडी कवा मिळंल?”

“अहो, जिवंत आहेत ते! सकाळपेक्षा बरे आहेत.”

“आसं कसं? तातडीनं या म्हनल्यावर गेल्यालंच आसतंय की. मेला म्हनून फोनवर कोन सांगतं का? तिकडं सरपान रचून झालंय, पाव्हनं आल्यात.”

त्याच्यामागून पेशंटची बायको उतरली. पांढरं कपाळ, भुंडे हात, मनगटावर काचेचे ओरखडे. सासूनं रडत रडत तिचं कुंकू पुसलं होतं, बांगड्या फोडल्या होत्या. आणि नवरा आत श्वास घेत होता! मला संताप आला, पण काढायचा कुणावर?

आत चला म्हटलं तर बाई जागची हलेना. “आसल्या कपाळानं त्यांच्यापुढं कशी जाऊ?” शेवटी नर्सनं आपल्या पर्समधली टिकली दिली, तेव्हा ती आत जाऊन आली. बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“दादा, उद्या ते खरंच गेले, तर तुमचा मेसेज काय यील?”

मेसेज लिहायला बसलेले आम्ही सगळे याच जिल्ह्यातले. मेल्याचं मोबाईलवर कसं कळवायचं, असं म्हणून मृत्यूसाठी आम्ही वेगळं काही लिहिलंच नव्हतं. तेव्हाही हाच मेसेज जाणार होता.